बिल आईबापाच्या नावावर: कॅलिफोर्नियाच्या जुव्हेनाइल कोर्टाचा आमचा अनुभव

हे लिहायच्या आधी मुलाला विचारलं. तो आता पंचविशी ओलांडून गेलाय, नोकरी करतो, वेगळा राहतो. म्हणाला, ‘लिही, पण माझं नाव नको, शाळेचं नको, गावाचं नको.’ म्हणून काउंटीचं नावही लिहीत नाही. कॅलिफोर्नियातली एक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, एवढं पुरे.

पोराला पोलिसांनी नेलं, ही गोष्ट इथल्या मराठी घरांत कोणी उच्चारत नाही. गणपतीच्या जेवणावळीत सगळ्यांची मुलं रोबोटिक्समध्ये आणि स्पेलिंग बीमध्येच असतात. ज्याच्यावर वेळ येते त्याला वाटतं, आपण पहिलेच. त्यातून कोर्ट, वकील, तारीख यांची थोडीफार कल्पना तरी असते. पण सगळं उरकल्यावर आईबापाच्या नावानं बिल येतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वकिलानंही नाही. कॅलिफोर्नियात आता ही बिलं बंद झाली आहेत, पण अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं चालतं आणि मराठी माणसं सगळीकडे आहेत.

२०१५ चा दसरा गुरुवारी होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये मारामारी झाली. कोणी सुरू केली यात शिरत नाही, दोन्हीकडची बाजू मला आता पाठ आहे. दुसऱ्या मुलाचा जबडा मोडला. आमचा सोळा वर्षांचा. संध्याकाळी फोन आला तो मुलाचा नाही, पोलिसांचा. त्याला जुव्हेनाइल हॉलमध्ये, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोठडीत, नेलंय, तुम्ही आत्ता येऊन उपयोग नाही, भेटीची वेळ रविवारी.

शुक्रवारी अटक झाली की काय होतं ते इथे सांगून ठेवते. मुलाला आत ठेवलं असेल तर सरकारी वकिलाला अठ्ठेचाळीस तासांत कोर्टात पिटिशन, म्हणजे मुलावरचे आरोप मांडणारा कागद, दाखल करावी लागते, पण त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. पिटिशन मंगळवारी दाखल झाली आणि जजसमोर पहिली सुनावणी बुधवारी. तोवर मुलगा आत. त्या प्रत्येक रात्रीचा हिशोब कुठेतरी मांडला जातोय, ही कल्पना आम्हाला त्या आठवड्यात नव्हती.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘त्याला डबा नेता येतो का गं?’ नाही येत. आमच्या इथे रविवारच्या भेटीला फक्त आईवडील. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि जन्माचा दाखला बरोबर असलेला बरा, कारण आमच्याकडे मुलाचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव आणि माझं पासपोर्टवरचं नाव यांची तोंडं तीन दिशांना होती. पर्स, फोन गाडीतच ठेवा. मुलगा राखाडी कपड्यांत समोर येऊन बसला आणि म्हणाला, ‘आई, सोमवारी केमिस्ट्रीची टेस्ट आहे.’ मला हसू आलं आणि मग आवरेना.

खाजगी वकिलाकडे चौकशी केली. सुरुवातीलाच पाच हजार डॉलर जमा करा म्हणाला. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यापासून काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली होती, पण आमचं ग्रीन कार्डाचं प्रकरण त्या टप्प्याला पोचलं नव्हतं. म्हणजे घरात एकच पगार. पब्लिक डिफेंडर, म्हणजे आरोपीच्या बाजूनं लढायला सरकारनं नेमलेला वकील, घ्यायचं ठरलं. जुव्हेनाइल कोर्टात पालकांचं उत्पन्न न पाहता मुलाला वकील देतात. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात निकाल दिला की अल्पवयीन मुलालाही वकिलाचा हक्क आहे. या हक्काचे पैसे नंतर आईबापाकडे मागता येतात की नाही, हे राज्यांवर सोडलेलं. कॅलिफोर्नियाचं त्या वेळचं उत्तर होतं, येतात.

आमची वकीलबाई तिशीतली, हातात फायलींचा गठ्ठा. पहिल्याच भेटीत मला म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर थांबा.’ मी म्हटलं, ‘मी आई आहे त्याची.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच.’ वकील मुलाचा असतो, आपला नाही. मुलानं त्याला सांगितलेलं तो आपल्याला सांगणार नाही. तेव्हा राग आला होता, पण ते बरोबरच होतं. फीबद्दल विचारलं तर म्हणाली, आत्ता त्याची काळजी करू नका. तिनं खोटं काही सांगितलं नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी मुलाला घरी आणायचं होतं, आणि माझ्याही.

खरं तर सूचना कागदावर होती. पिटिशनबरोबर जे पालकांसाठी छापलेलं असायचं, त्यात एक परिच्छेद होता की वकिलाचा, कोठडीत ठेवण्याचा, देखरेखीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. बुधवारी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून असलं काही डोक्यात शिरत नाही. ज्यांच्यावर आज ही वेळ आहे त्यांना एवढंच सांगते, असा परिच्छेद असेल तर तो घरी नेऊन शांतपणे वाचा आणि वकिलाला सरळ विचारा: या राज्यात, या काउंटीत पालकांकडून काय काय वसूल करतात?

बुधवारी जजनं त्याला घरी सोडलं. अट अशी की पायात इलेक्ट्रॉनिक मॉनिटर, शाळा आणि घर सोडून कुठेही जायचं नाही. मॉनिटर रोज चार्ज करावा लागतो, तोही पायात असतानाच. संध्याकाळी घरच्या हॉलमधल्या प्लगजवळ खुर्ची टाकून पोरगा अभ्यास करायचा आणि सासूबाई शेजारी बसून वाती वळायच्या. लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होतं. मंडळाच्या दिवाळीला गेलो नाही. ‘त्याची परीक्षा आहे’ असं सगळ्यांना सांगितलं. शाळेनं आधीच काही दिवस काढून टाकलं होतं, ते वेगळं. या महिन्यांत कपाटातल्या पैशापेक्षा जास्त खर्च खोटं बोलण्यात होतो, असं नवरा एकदा म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं कमी तीव्रतेचा एक आरोप मान्य केला, बाकीचे काढून टाकले, आणि जजनं त्याच दिवशी मॉनिटर काढायला सांगितलं. जानेवारी २०१६ मध्ये अंतिम आदेश झाला: वॉर्ड न करता, म्हणजे मुलाला कोर्टाच्या ताब्यात न घेता, सहा महिने प्रोबेशन (घरी राहून कोर्टाच्या अधिकाऱ्याची देखरेख), राग आवरण्याचे वर्ग, फूड बँकेत सेवा, अधूनमधून लघवीची तपासणी, आणि त्या मुलाच्या उपचारांची भरपाई. वर्गाचे पैसे तिथल्या तिथे भरायचे, दर वेळी पंचवीस डॉलर. प्रोबेशन ऑफिसर घरी यायची. चांगली बाई होती. पहिल्यांदा आली तेव्हा बूट काढून आत आली, कोणी न सांगता. सासूबाईंनी तिला चहा आणि चकली दिली, तिनं चकली रुमालात बांधून नेली, कारण ड्यूटीवर खाता येत नाही म्हणाली.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना मार्चमध्ये पाकीट आलं.

पाकिटावर मुलाचं नाव नव्हतं. नवऱ्याचं आणि माझं होतं. आत काउंटीच्या वसुली विभागाचं पत्र: जुव्हेनाइल हॉलमधल्या रात्री, पब्लिक डिफेंडर, इलेक्ट्रॉनिक मॉनिटर, प्रोबेशनची देखरेख. अकाउंट नंबर दोन, एक वकिलाचा आणि एक प्रोबेशनचा. बेरीज दोन हजार डॉलरच्या वर.

आमच्यासारखं बिल किती येऊ शकत होतं याचा अंदाज यावा म्हणून जाहीर असलेले आकडे देते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हॉलमधल्या दिवसाला जास्तीत जास्त ३० डॉलर लावता येत होते. अलमिडा काउंटीत त्या काळी रात्रीला २५.२९ डॉलर, मॉनिटरचे दिवसाला १५, प्रोबेशनचे महिन्याला ९०, प्रत्येक ड्रग टेस्टचे २८.६८ आणि वकिलाचे ३०० असा दर होता. एकेक आकडा लहान दिसतो. पण मॉनिटर महिनाभर पायात राहिला की तेवढ्याचेच साडेचारशे झाले.

हा दंड नव्हे, हे समजायला मला वेळ लागला. दंड जज सुनावतो, तो गुन्ह्याचा असतो. हे पैसे काउंटीच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही मुलाला घरी जेवूखाऊ घातलं असतं, त्याऐवजी त्यांनी घातलं त्याचे. म्हणजे मुलाच्या पोषणाचा आईबापावरचा भार. म्हणूनच ते मुलावर नसून आमच्यावर होते, आणि नवराबायको दोघांवर मिळून होते: एकानं नाही दिले तर पूर्ण रक्कम दुसऱ्याकडे. घटस्फोटित पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. ‘क्रेडिट कार्डावर टाक, देऊन टाकू, विषय संपव.’ त्याला ते पाकीट घरात नको होतं. आमचा पोस्टमन ओळखीचा, काउंटीचं नाव पाकिटावर ठळक. अळीमिळी गुपचिळी करून पैसे भरणं हा आपला जुना उपाय आहे आणि वसुली विभागाचं काम त्यानं फार सोपं होतं. मी म्हटलं, भरू, पण आधी कसले ते कळू दे.

फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका बाईनं सांगितलं की पालकांची ‘देण्याची ऐपत’ तपासायची सोय आहे, त्यासाठी फायनॅन्शियल इव्हॅल्युएशन ऑफिसरकडे वेळ घ्या. हे पत्रातही होतं, पण मागच्या बाजूला. एप्रिलची वेळ मिळाली. बरोबर न्यायचं ते असं: मागच्या दोन महिन्यांच्या पे स्टब, टॅक्स रिटर्न, घराचा भाडेकरार, गाडीच्या कर्जाचं स्टेटमेंट, बँकेचं स्टेटमेंट, वैद्यकीय बिलं असतील तर ती. भारतात आईवडिलांना पाठवतो त्या पैशासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. ‘इतर’ मध्ये लिहिलं आणि बँकेच्या पावत्या जोडल्या. ऑफिसरनं त्या वाचल्या, काही बोलला नाही, पण फायलीला लावल्या.

ऐपतीच्या हिशोबात आम्ही पैसे देऊ शकणाऱ्यांत बसलो. ते खरंही होतं. पण मी आणखी एक मागणी केली: प्रत्येक ओळ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आहे, ते दाखवा. तो तपशील छापून आला तेव्हा दिसलं की मॉनिटरचे दिवस डिसेंबरअखेरपर्यंत मोजलेत. मॉनिटर काढला होता पहिल्या आठवड्यात. सुदैवानं माझ्याकडे त्या तारखेच्या मिनिट ऑर्डरची प्रत होती. प्रत्येक सुनावणीनंतर कोर्टाचा क्लार्क जे एकदोन पानी टिपण बनवतो ते. वकीलबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे कागद गोळा करत जा. ती प्रत पुढे सरकवली. ऑफिसरनं आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि तीनेकशे डॉलर कमी झाले. उरलेले महिन्याला साठप्रमाणे हप्त्यानं.

ऑफिसरचा निर्णय पटला नाही तर जजसमोर सुनावणी मागता येत होती. हे मला तिथल्या भिंतीवरच्या इंग्रजी-स्पॅनिश पोस्टरवरून कळलं.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी एक बाई होती, मेक्सिकोची, मोठ्या गोदामात रात्रपाळी करणारी. तिला आधीची वेळ कामामुळे गाठता आली नव्हती. वेळ चुकली की ऑफिसर पूर्ण रक्कम लावायची शिफारस करायचा आणि तसा हुकूम व्हायचा. तिचा मुलगा आमच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त दिवस आत होता. तिच्या हातातल्या कागदावरची बेरीज मला दिसली. आमच्यासारख्यांना ते बिल टोचायचं, तिच्यासारखीला ते घरभाड्यातून काढावं लागायचं. न भरलेल्या रकमेचा दिवाणी हुकूमनामा व्हायचा, पगारातून कापायचे, टॅक्सचा परतावा अडवायचे. नंतर वाचलं की ऑरेंज काउंटीतल्या एका आईला असंच १६,३७२ डॉलरचं बिल लावलं होतं. तिनं घर विकून ९,५०० हून जास्त भरले, तरी काउंटी उरलेल्यासाठी मागे लागली, शेवटी तिला दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि काउंटी तिथेही सोडेना. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या, फेडरल अपील कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला.

सांगलीत माझा दादा वकील आहे. त्याला फोनवर सांगितलं तर आधी त्याचा विश्वास बसेना. ‘आपल्याकडे बाल न्याय मंडळासमोर मुलाला वकील मोफत, विधी सेवा प्राधिकरणाकडून,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘दंड मात्र आईबापाला करू शकतात हं, २०१५ च्या कायद्यातही आहे ते.’ दंड आणि फी यातला फरक त्याला दोन वाक्यांत कळला, मला दोन महिने लागले होते.

जुलै २०१६ मध्ये प्रोबेशन नीट संपलं. जजनं पिटिशन रद्द केली आणि रेकॉर्ड सील करायचा हुकूम दिला. प्रोबेशन समाधानकारक पूर्ण केलं तर, काही गंभीर गुन्हे सोडून, कोर्टानं आपणहून सील करायचं, हा नियम कॅलिफोर्नियात २०१५ पासून आहे, वेगळा अर्ज लागत नाही. जजनं मुलाला समजावलं की आता कायद्याच्या दृष्टीनं हे घडलंच नाही, कॉलेजनं विचारलं तरी ‘नाही’ म्हणू शकतोस. त्याचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी मोकळा पाहिला.

आम्ही घरी आलो आणि मी त्या महिन्याचा साठ डॉलरचा चेक लिहिला. जे कायद्यानं घडलंच नव्हतं त्याचे. मुलाची फाइल बंद, आईबापाची उघडी. या एका गोष्टीचा मला अजूनही राग आहे.

भरपाईबद्दल मात्र तो राग नाही. त्या मुलाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, विम्यानं दिलं ते दिलं, उरलेलं आम्ही दिलं. ते पैसे त्या घराला गेले. त्यालाही कायद्यानं आम्ही जबाबदार होतो, आणि व्हायलाच हवं होतं. फक्त व्यवहार म्हणून लक्षात ठेवा: भरपाईचा हिशोब आणि काउंटीच्या फीचा हिशोब वेगळे असतात. चेकवर कोणत्या अकाउंटचा, तो नंबर लिहा.

नंबर लिहूनही आमचा घोळ व्हायचा टळला नाही. २०१७ च्या वसंतात राज्याच्या टॅक्स विभागाचं पत्र आलं की तुमचा परतावा काउंटीच्या थकबाकीपोटी वळता केलाय. थकबाकी? आम्ही एकही हप्ता चुकवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं, आमचे सगळे हप्ते वकिलाच्या खात्यात जमा झाले होते. ते खातं केव्हाच फिटून वर शिल्लक दाखवत होतं, आणि प्रोबेशनचं खातं कोरडं म्हणून थकीत ठरलं. वटलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रती फॅक्स केल्या, हो, फॅक्सच, ईमेल चालत नव्हती. फोन करताना दर वेळी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं पहिलं नाव वहीत लिहायचे. त्या वहीमुळेच तिसऱ्या माणसाला पहिल्या माणसानं काय कबूल केलं होतं ते सांगता आलं. खाती जुळवली गेली. वळता केलेला परतावा हातात आला नाही, बाकीतून वजा झाला.

त्या रात्री चिडून मी कॉम्प्युटरवर बसले आणि पहिल्यांदा कळलं की हा फक्त आमचा प्रश्न नाही. बर्कलीच्या लॉ स्कूलमधल्या एका क्लिनिकनं (कायदा-मदत केंद्रानं) नुकताच, मार्च २०१७ मध्ये, याच फीवर अहवाल काढला होता. अलमिडा काउंटीनं तर २०१६ मध्येच ही वसुली आधी थांबवली होती आणि नंतर रद्दच केली होती. कारण त्यांनी हिशोब मांडला तर एका वर्षात सुमारे अडीच लाख डॉलर खर्चून सुमारे चार लाख गोळा होत होते. लॉस एंजेलिसनं २००९ मध्येच नवी आकारणी थांबवली होती. कॉन्ट्रा कोस्टामध्ये जी मुलं निर्दोष ठरली त्यांच्याही आईबापांकडून पैसे घेतले गेल्याचं उघड झालं आणि पुढे ते परत करायचं तिथल्या सुपरवायझरनी, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळानं, ठरवलं. एकाच राज्यात पलीकडच्या गावात राहिलं तर शून्य आणि अलीकडे दोन हजार.

त्याच वर्षी हॉली मिचेल आणि रिकार्डो लारा या दोन सिनेटरांचं सिनेट बिल १९० पास झालं. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली आणि १ जानेवारी २०१८ पासून कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटीला हॉलचे, वकिलाचे, मॉनिटरचे, देखरेखीचे, ड्रग टेस्टचे पैसे पालकांना नव्यानं लावता येईनासे झाले. मी २ जानेवारीला फोन केला. पलीकडच्या माणसानं सौजन्यानं सांगितलं, ‘मॅम, तो कायदा नव्या बिलांना आहे. तुमचं जुनं आहे.’ आणि तो बरोबर होता. आधी लागलेल्या बिलांबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं, ते प्रत्येक काउंटीच्या मर्जीवर.

नवरा म्हणाला, राहिलेत किती, भरून टाकू. मी हप्ता चालू ठेवला, पण आमच्या सुपरवायझरच्या कार्यालयाला एक पानी पत्र लिहिलं. रडगाणं नाही, तारखा, रकमा आणि एक प्रश्न: काही काउंट्यांनी जुनी बाकी सोडली, आपण कधी ठरवणार? माझ्या पत्रामुळे काही झालं असं अजिबात नाही, त्या सभांना वसुलीच्या खोलीत भेटलेल्या बाईसारख्या आया आणि त्यांची मोठी झालेली मुलं येऊन बोलत होती. मी एका सभेला गेले, मागे बसले. बोलायला उठले नाही. देशी चेहरा माझा एकटीचाच होता. उन्हाळ्यात पत्र आलं: उरलेली बाकी रद्द, यापुढे काही भरू नये. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्यातच.

ज्या काउंट्यांनी जुनी बाकी सोडली नव्हती तिथल्या पालकांना आणखी थांबावं लागलं. २०२० मध्ये सिनेट बिल १२९० झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून २०१८ पूर्वीची न भरलेली बिलं सगळ्या राज्यात कायद्यानंच रद्द झाली. कोणाकडे अजूनही त्या काळातलं कॅलिफोर्नियाचं वसुलीचं पत्र येत असेल तर भरू नका, आधी पब्लिक डिफेंडरच्या कार्यालयाला फोन करा.

कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्यांसाठी: नेव्हाडानं २०१९ मध्ये, मेरीलँडनं २०२० मध्ये, ओरेगन आणि कोलोरॅडोनं २०२१ मध्ये अशा फी काढून टाकल्या. न्यू जर्सीनं २०२० मध्ये अल्पवयीन मुलांवरचे दंड रद्द केले. सगळ्या राज्यांत तसं झालेलं नाही, आणि जिथे झालंय तिथेही भरपाई राहतेच. तेव्हा पहिल्या सुनावणीलाच विचारा, आणि बिल आलं तर ऐपतीची तपासणी मागा, पगार चांगला असला तरी. तपासणीच्या निमित्तानं तपशील मिळतो. घरातल्या कोणाला इंग्रजी जड जात असेल तर कोर्टात दुभाषा मागता येतो. मराठीचा मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच्या तारखेलाच सांगून ठेवायचं.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इमिग्रेशनच्या कायद्यात जुव्हेनाइल कोर्टातला निकाल ‘कन्व्हिक्शन’ (दोषसिद्धी) धरत नाहीत, बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सनं २००० सालीच ते स्पष्ट केलंय. तरीही फॉर्मवर ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो, आणि जजनं कॉलेजसाठी दिलेली ‘नाही म्हण’ ही मुभा तिथे चालेलच असं नाही. मुलानं कोर्टात काही मान्य करण्याआधी, आणि नंतर असा कुठलाही फॉर्म भरण्याआधी, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आम्ही एका तासाचे दोनशे डॉलर दिले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कामाला आलेले तेच. त्यानं सांगितलं होतं की सील व्हायच्या आधी अंतिम आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती काढून ठेवा, नंतर त्या मिळणं अवघड होतं. क्लार्कच्या खिडकीवर पानामागे थोडे पैसे घेतात आणि शिक्का मारून देतात. ग्रीन कार्डाच्या वेळी त्यातली एक लागली.